मागच्या खोलीतला वाढपी

मी माझ्या चुलत बहिणीच्या नावाखाली दुसऱ्याच मुलीचा चेहरा लावला. धुळ्याच्या एका कुटुंबाने तो पाहिला, पसंत केला, आणि गाडी करून ते धरणगावला तिला बघायला आले.

मुद्दाम केलं नव्हतं, हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायला तोंड राहणार नाही. मुद्दाम करायला जेवढी अक्कल लागते तेवढीही मी त्या कामात वापरली नव्हती.

मी जळगावात घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी वेबसाइटी लिहितो. नातेवाइकांच्या भाषेत, 'तो काय, दिवसभर घरीच असतो'. त्यामुळे कोणाचा प्रिंटर अडला, कोणाचं आधार लिंक होईना, की फोन मला. तसाच एकदा धुळ्याहून नानांचा आला. नाना आमच्या समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष. दरवर्षी धुळ्याला वधू-वर मेळावा भरतो आणि त्यात एक जाड पुस्तक निघतं. पानोपानी मुलामुलींचे फोटो, खाली शिक्षण, उंची, मामाचं गाव. लोक ते घरी नेतात आणि बॉलपेनने खुणा करत बसतात. नाना म्हणाले, "पुस्तक छापून छापून दमलो रे भाऊ. तू ते मोबाईलमध्ये आण."

मी आणलं. फुकटात आणलं, आणि फुकटात केलेल्या कामाचा जो जास्तीचा ताठा असतो तो घेऊन आणलं.

अडचण फोटोंची होती. आमच्याकडे लग्नाचा फोटो म्हणजे स्टुडिओत जाऊन, मागे धबधब्याचा पडदा लावून, गालावर लाईट मारून काढलेला. एकेक फोटो एवढा जड, की सगळी स्थळं एका पानावर उघडली तर फोनवर पोळी भाजून घ्यावी. म्हणून मी 'लेझी लोडिंग' वापरलं. म्हणजे सगळे फोटो एकदम आणायचेच नाहीत. बघणाऱ्याचं बोट जिथवर सरकेल तिथले तेवढे आणायचे. तोवर फोटोच्या जागी एक करडं खोकं. मंडळाच्या बैठकीत मी हे ऐटीत समजावून सांगितलं. नाना म्हणाले, "लेझी म्हणजे आळशी ना? मग काम योग्य माणसाकडे गेलंय." सगळे हसले. मीही हसलो. मेळाव्यात माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं त्याच बैठकीत ठरलं होतं, त्यामुळे मला काहीही चाललं असतं.

त्यात मी आणखी दोन हुशाऱ्या केल्या. पहिली अशी, की पडद्यावर मावतात तेवढीच खोकी बनवली. वर सरकून दिसेनासं झालेलं खोकं पुसायचं आणि खाली नव्या स्थळासाठी तेच वापरायचं. दुसरी अशी, की फोटो आणायचं, उलगडायचं जड काम पानाच्या मागे राबणाऱ्या वेगळ्या गड्याला दिलं. आमच्या धंद्यात त्याला बॅकग्राउंड वर्कर म्हणतात. तो मागे घाम गाळतो, म्हणून पुढे पान अडकत नाही, बोट सुळकन सरकतं.

लग्नातली पंगत डोळ्यांपुढे आणा. बसायच्या जागा ठरलेल्या. जेवणारे उठतात, त्याच जागी नवे बसतात. वाढपी मागच्या खोलीतून वरण-बट्टी घेऊन येतो. माझा वाढपी चलाख होता, दमत नव्हता, विड्या ओढायला बाहेर जात नव्हता. फक्त मी त्याला जागेचा नंबर सांगून पाठवायचो, जेवणाऱ्याचं नाव नाही. तो बट्टी घेऊन येईपर्यंत पहिला माणूस उठून दुसरा बसला असेल, तर पहिल्याची बट्टी दुसऱ्याच्या ताटात. 'मघाचाच माणूस बसलाय ना?' एवढं विचारणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये लिहायला हवी होती. ती मला सुचली नव्हती असंही नाही. सुचली होती. पण माझ्या घरच्या वायफायवर वाढपी इतक्या झटकन परत यायचा, की कोणी उठायच्या आत ताट भरलेलं. म्हटलं, लिहू नंतर.

पारोळ्याच्या एका मावशींनी मला सावधही केलं होतं. फोन करून म्हणाल्या, "अरे, ते फोटो उड्या मारतात."

"मावशी, फोन जुना झाला असेल तुमचा."

"फोन नवा शे. पोराने दिवाळीलाच घेतला."

"मग नेट स्लो असेल," मी म्हणालो आणि फोन ठेवला. आमच्या धंद्यात हे वाक्य रामबाण आहे. समोरचा गप्प बसतो.

आता बहिणीकडे येतो.

धरणगावला माझे सख्खे काका राहतात. जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते, आता घरीच असतात. काट्यावर कापूस मोजताना कधी बोट लावलं नाही, एवढी एकच फुशारकी ते स्वतःबद्दल मारतात, तीही कोणी विषय काढला तर. त्यांना एकच मुलगी. माझ्यापेक्षा वयाने लहान, त्यामुळे मला दादा म्हणते, आणि त्या शब्दाचा मान तेवढ्यावरच संपतो. ती तिथल्या शाळेत शिकवते. तिच्या डाव्या गालापासून हनुवटीपर्यंत कोड आहे. पांढरा, मोठा डाग. वर्गातली पोरं त्याला ढग म्हणतात आणि ते तिला चालतं.

पुस्तकाच्या काळात काय व्हायचं, तर स्टुडिओवाला न विचारताच तो डाग पुसायचा. त्याच्या दृष्टीने ती सेवा. मग पुसलेला फोटो बघून लोक यायचे, तिला बघायचे, चहा प्यायचे आणि 'कळवतो' म्हणून जायचे. काकू अशा दिवशी तिला केस डाव्या गालावर सोडायला लावायच्या. सगळ्यांना सगळं दिसायचं तरीही.

साइट सुरू व्हायच्या आधी मी धरणगावला गेलो होतो. तिने मला एक फोटो पाठवला, मोबाईलवर काढलेला. शाळेचा व्हरांडा, मागे बांधलेले केस, डाग स्वच्छ दिसणारा.

"हाच लावायचा. तो बघून ज्याला यायचं तो येईल. कोणी नाही आलं तर चहापत्ती वाचली," ती म्हणाली. "आणि दादा, तू त्याला हात लावायचा नाहीस."

"नाही लावणार," मी म्हणालो. शब्द पाळला. मी हात लावला नाही. माझ्या वाढप्याने लावला.

बरेच दिवस कोणी आलं नाही. ती निवांत होती. काका मात्र दर रविवारी मला विचारायचे, साइट चालू आहे ना. आणि मग एक दिवस नानांचा त्यांना फोन आला. धुळ्याचं चांगलं घर, मुलाचं औषधांचं दुकान, साइटवर मुलगी पसंत आहे, रविवारी येतात. काकांनी दोनदोनदा विचारलं, "फोटो बघितला ना त्यांनी? नीट बघितला ना?"

"फोटो बघूनच हो म्हणालेत," नाना म्हणाले.

काकांनी लगेच मला फोन लावला. "भाऊ, तुनी साइट देवसारखी पावनी." रविवारी मी हजर राहायचंच, असा हुकूम. मी जळगावहून मोटारसायकलवर निघालो आणि वाटेत श्रेय घेत घेत धरणगावला पोहोचलो.

अंगणात शेजारून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पाहुणे आले: मुलगा, त्याची आई आणि त्याचे मामा. मुलगा कमी बोलणारा, आई बोलकी, मामा दोघांच्या वाटचं बोलणारे. काकांनी माझी ओळख करून दिली. "हा माझा पुतण्या. ती साइट यानेच बनवली." मामांनी माझा हात दोन्ही हातांनी दाबला. मी लाजल्यासारखं केलं.

मग बहीण चहाचा ट्रे घेऊन आली. केस मागे बांधलेले होते. गाल मोकळा होता. ती थेट पाहुण्यांकडे बघत आली आणि हसली. या कार्यक्रमात तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते बघून आलेत, त्यांना माहीत आहे, आता लपवायचं काही नाही, असं ते हसू होतं.

मुलाच्या आईचा कपाकडे गेलेला हात मधेच थांबला. मामांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने जमिनीकडे.

"ही मोठी बहीण का?" मामांनी विचारलं.

"नाही नाही," काका म्हणाले. "हीच. मला एकच मुलगी."

मामांनी शर्टाच्या खिशातून फोन काढला, त्यात काहीतरी शोधलं आणि काकांपुढे धरला. "मग ही कोण?"

तो स्क्रीनशॉट होता. आमच्याकडे स्थळ आवडलं की त्याचा स्क्रीनशॉट काढून सगळ्या आत्या-मावश्यांना पाठवतात, तसा त्यांनी काढलेला. बहिणीचं नाव, तिची बी.एड., तिची उंची, मामाचं गाव एरंडोल, सगळं बरोबर. आणि वर एक गोरीपान मुलगी, मागे धबधबा.

काकांना चष्म्याशिवाय दिसेना. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. त्या मुलीला मी ओळखत होतो. यादीत ती बहिणीच्या थोडी वर येते. साइट तपासताना मी तिचाच फोटो वापरायचो, कारण सगळ्यांत जड तोच होता. काय झालं असणार, ते मला तिथल्या तिथे समजलं. अगदी ओळीच्या नंबरासकट.

बोलायची वेळ तीच होती. एक वाक्य पुरलं असतं. चूक माझी आहे, या लोकांची नाही. पण मामांनी मघाशी दोन्ही हातांनी दाबलेला हात अजून गरम होता, आणि माझ्या तोंडातून भलतंच आलं.

"नेट स्लो असेल."

काका माझ्याकडे वळले. "नेट मानूसनं तोंड बदली टाकस का रे?" टोमणा नव्हता तो. ते खरंच विचारत होते. त्यांच्या घरात या विषयातला जाणकार मीच होतो.

मी माझा फोन काढून त्यात बघू लागलो.

बहिणीने ट्रे खाली ठेवला, स्वतःचा फोन उघडला आणि मामांना दाखवला. "हे बघा. इथे माझाच फोटो आहे. पहिल्यापासून हाच आहे."

"आता असेल," मामा म्हणाले. "आम्ही बघितला तेव्हा ही होती. आम्ही हो म्हणालो, मग बदलला." ते माझ्याकडे बघत होते. "वेबसाइटवाला घरचाच आहे म्हटल्यावर काय अवघड आहे?"

म्हणजे माझी ओळख करून देताना काकांनी स्वतःच्याच हाताने स्वतःवर पुरावा दिला होता. तरीही मी फोनच बघत होतो. त्या फोनवर काय होतं ते विचाराल, तर काही नव्हतं. स्क्रीन बंद होती.

मुलाची आई उठली. तिचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट. "डागाचं आम्ही बघितलं असतं, भाऊ. जमलं नसतं तर नाही म्हटलं असतं. पण फसवायला नको होतं."

काका उभे राहिले. काट्यावर कधी बोट न लावलेले हात त्यांनी पाहुण्यांपुढे जोडले. पाहुणे चपला घालून गेले. कपांत चहावर साय धरली. गाडी कोपऱ्यावर वळते न वळते तोच काकांचा फोन वाजला. समाजाच्या ग्रुपवर मामांनी तो स्क्रीनशॉट टाकला होता: 'धरणगावच्या पार्टीपासून सावध राहा. फोटो एकीचा, मुलगी दुसरी.'

काकांनी चष्मा लावून तो वाचला, फोन खुर्चीवर पालथा ठेवला आणि शेजारच्या खुर्च्या परत करायला निघून गेले. एकेक करून नेत होते. मी मदतीला उठलो तर हातानेच नको म्हणाले.

"दादा, मागे ये," बहीण म्हणाली.

घरामागे धुण्याचा दगड आहे, शेवग्याचं झाड आहे. ती दगडाला टेकून उभी राहिली. "तुझ्या त्या साइटमध्ये असं होऊ शकतं?"

"बघावं लागेल."

"होऊ शकतं की नाही?"

"शकतं."

"मग बाहेर बोलला का नाहीस?"

"खात्री नव्हती."

"होती. मी तुझं तोंड बघत होते." ती अजिबात रडत नव्हती, रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "मला नाकारून जातात, त्याची मला सवय आहे. आज बाबांना लबाड म्हणून गेले. आणि तू शेजारी बसून बंद फोन बघत होतास."

मी आत जाऊन काकांचा फोन घेऊन आलो. शेवग्याखाली नेटची एकच काडी येते. साइट उघडली आणि घाईतली माणसं सरकवतात तशी यादी भराभर वर सरकवली. खोकीच खोकी, सगळी करडी. बहिणीच्या नावाशी थांबलो. तिचा फोटो लगेच आला. मोबाईलवरचा, हलका. व्हरांडा, बांधलेले केस, ढग. मी श्वास सोडतोय तोच त्यावर धबधबा येऊन पडला. गोरीपान मुलगी तिथे जी बसली, ती हलायला तयार नाही.

बहीण माझ्या खांद्यावरून बघत होती. "परत कर."

परत केलं. पुन्हा तेच.

"म्हणजे आधी मी येते. मग ती येऊन माझ्यावर बसते."

"तिचा फोटो जड आहे. आधी मागवलेला, उशिरा पोहोचतो."

"आणि उशिरा येणारी राहते."

"हो."

ती एकदम हसली. बरं नव्हतं ते हसणं. "तिला बिचारीला माहीतही नसेल, धुळ्यात पसंत पडलीय म्हणून."

"एका ओळीचं काम आहे," मी म्हणालो. "आत्ता करून टाकतो."

"हात लावू नकोस." तिने फोन माझ्या हातातून काढूनच घेतला. "तू दुरुस्त केलंस, की ते म्हणतील सारवासारव केली. आधी त्यांच्या घरी जा. त्यांच्या डोळ्यांदेखत चुकून दाखव. मग दुरुस्त कर."

आयुष्यात मला चुका लपवायला अनेकांनी सांगितलंय, जपून ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं. मी बाकीच्यांसाठी साइट बंद केली, एक तेवढी लिंक जशीच्या तशी चालू ठेवली, आणि नानांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "शाल दुकानात परत घेतात का, बघावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकल धरणगावलाच ठेवून मी एसटीने धुळ्याला निघालो, आणि काका मला स्टँडवर सोडायला आले. वाटेत त्यांना एकाने 'राम राम' घातला, त्याच्याकडे त्यांनी वर पाहिलं नाही. हे मी पाहिलं. एसटी सुटताना त्यांनी खिडकीतून पाण्याची बाटली दिली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्यात 'तांत्रिक' हा शब्द येत होता. तांत्रिक अडचण, तांत्रिक बिघाड. शब्द असा, की त्यामागे माणूस दिसत नाही. पारोळ्याच्या पुढे मी तो काढून टाकला. मग वाक्यात फारसं काही उरलं नाही.

धुळ्याला नाना स्टँडवरच उभे होते. मुलाचं घर दुकानाच्या वरच. मामा तिथेच होते, आम्ही येणार म्हणून खास थांबलेले. मी लॅपटॉप उघडला, तर मामांनी हात आडवा केला.

"तुझ्या लॅपटॉपवर तू वाट्टेल ते दाखवशील. माझ्या फोनवर दाखव."

बरोबर होतं त्यांचं. मी त्यांच्या फोनमध्ये आधी साठलेले फोटो पुसले, लिंक उघडली आणि यादी सरकवली. सगळे फोटो धडाधड आले, आपापल्या जागी, शहाण्या पोरांसारखे. बहिणीच्या नावाखाली बहीण. धुळ्यात, हायवेपासून हाकेच्या अंतरावर, नेटच्या सगळ्या काड्या उभ्या.

"काय झालं?" मामा म्हणाले.

"इथे नेट फार चांगलं आहे."

"काल म्हणालास स्लो आहे. आज म्हणतोस चांगलं आहे."

मी जिन्यात गेलो. चालत होतं. बाथरूममध्ये गेलो, तिथेही उत्तम. जन्मभर माझ्या चुका नको तिथे, नको त्या माणसासमोर उभ्या राहिल्या, आणि आज बोलावतोय तर लाजत होत्या. शेवटी मुलगाच म्हणाला, "खाली दुकानामागे गोदाम आहे. तिथे फोन लागत नाही नीट." त्याचं ते मी ऐकलेलं पहिलं वाक्य.

मग आम्ही सगळे त्या गोदामात. सलाईनच्या खोक्यांची चळत, लोखंडी रॅक, पंखा नाही, आणि बाहेर धुळ्याचं ऊन. नाना रुमालाने मान पुसत म्हणाले, "चूक दाखवायलासुद्धा तुला मुहूर्त लागतो रे भाऊ."

मुलाच्या आईने माझ्या हातातून फोन घेतला. "आण इकडे. त्या दिवशी इथेच बसून मीच बघत होते." तिने अंगठ्याने भराभर यादी वर लोटली. करडी खोकी पळाली. मग ती थांबली. व्हरांडा उमटला.

"थांबा," ती म्हणाली. "हीच ती. कालची."

आणि धबधबा पडला.

मामांनी फोन घेतला, फोटो पुसायला लावले, स्वतः केलं. पडला. पुन्हा केलं. पुन्हा पडला. मी त्यांना वाढप्याची गोष्ट सांगितली, जागेचा नंबर आणि माणसाचं नाव, सगळं. तांत्रिक हा शब्द एकदाही न वापरता.

"म्हणजे वाढपी नवखा," आई म्हणाली.

"हो."

"आणि त्याला पाठवणारा?"

"तोही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "काल तू तिथेच होतास. तेव्हा का नाही बोललास?"

दोन बायकांनी दोन गावांत एकच प्रश्न विचारला होता. या वेळी मी खात्रीचं कारण सांगितलं नाही. "सगळ्यांसमोर मूर्ख ठरायची भीती वाटली."

नाना म्हणाले, "मग आता काय ठरलायस?"

मामा ग्रुपवर लिहायला बसले. एका बोटाने, शब्द मोठ्याने उच्चारत. 'धरणगावच्या पार्टीबद्दल काल जे टाकले ते चुकीचे होते. त्यांनी खरा फोटो दिला होता. चूक त्यांची नाही, वेबसाइट बनवणाऱ्याची आहे.' नाना म्हणाले, "नाव टाका त्याचं. गावासकट." मामांनी टाकलं. मी स्वतः स्पेलिंग सांगितलं.

मग सलाईनच्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून मी ती ओळ लिहिली. लिहायला चहा गाळण्याइतकाही वेळ लागला नाही. एवढ्याशा ओळीसाठी काकांना रस्त्याने मान खाली घालून चालावं लागलं होतं, आणि ती ओळ मला आधीपासून येत होती. हे मला अजून कुठे ठेवावं कळत नाही.

आईने पुन्हा यादी सरकवली. व्हरांडा आला आणि राहिला. ती बराच वेळ बघत होती. मग मुलाने हात पुढे केला, तिने फोन त्याला दिला, आणि तोही बघत उभा राहिला. मी त्यातून काही काढणार नाही.

आईने काकांना फोन लावला, स्पीकरवर. "भाऊ, काल आम्ही चुकलो. तुम्हाला नको ते बोललो. येत्या रविवारी येऊ का? बाकी काही नाही, समोर बसून बोलायला. चहा तसाच राहिला होता आमचा."

पलीकडे नुसती खरखर झाली, मला वाटलं गोदामात फोन कटला. मग काकांचा आवाज आला, "या ना. घर तुमनंच शे."

आणि त्यामागून बहिणीचा, लांबून, पण नेट एकाएकी इतकं चांगलं झालेलं की शब्दन् शब्द सगळ्या गोदामाला ऐकू जावा:

"येऊ द्या, बाबा. पण दादाच्या हातात ट्रे देऊ नका. कोणाचा कप कोणापुढे ठेवेल, आणि वर म्हणेल, नेट स्लो होतं."